कौलांखालचा कागद

मी अंगठा कागदावरून ओढला आणि उलटा करून बघितला. अंगठ्याला करडी भुकटी लागली होती, फळा पुसल्यावर हाताला लागते तशी. दोन हात सरकून दुसऱ्या जागी ओढला. तिथेही तेच.

"लवू," मी हाक मारली, "हय ये मरे जरा."

लवू वाशांवरून सरकत आला. बाबांच्या काळापासून तो आमच्याकडे कौलं चढवायला होता आणि छपरावर अंगणात फिरावं तसा फिरायचा. त्याने माझा अंगठा बघितला. मग कागदाची एक सुटी कड चिमटीत धरून दुमडली. दुमड पडली तिथेच तो तडकला.

"मेलो," लवू हळूच म्हणाला.

खाली अंगणात आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं बांधणं चाललं होतं. ढोलवाले येऊन ढोल उन्हात तापवत बसले होते. बायकांनी चुली पेटवल्या होत्या. दुपारच्या आत आमच्या आरवंद्याच्या सातेरी देवीच्या देवळावर पहिलं कौल चढायचं होतं, आणि ज्या कागदावर ते चढायचं तो माझ्या चिमटीत मोडत होता.

कागद म्हणजे लिहायचा नव्हे. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून काळ्या गुंडाळ्या यायच्या. त्यांना इंग्रजी नाव होतं, पण आम्ही कागदच म्हणायचो. वाशांवर तो पसरायचा, वरून रिपा, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, ठोकायच्या आणि रिपांवर कौलं बसवायची. आमच्याकडे माकडं कौलांवर उड्या मारतात, पावसाळ्याच्या तोंडावर तर जरा जास्तच. कौल फुटलं तरी पाणी कागदावरून घसरून पागोळीला जातं. कौलांखाली झाकलेला राहिला तर हा कागद माणसाच्या आयुष्याला पुरतो. पण उघड्या उन्हात ठेवला तर अकाली म्हातारा होतो. लांबून काळा आणि धडधाकट दिसतो, आणि हात लावला की असा मोडतो.

दुसऱ्या कुठल्या देवळाचं छप्पर असतं तर मी एवढी घाबरले नसते. पण आरवंद्याची सातेरी म्हणजे मूर्ती नाही. गाभाऱ्यात पुरुषभर उंचीचं वारूळ आहे. ते वारूळच देवी. दगडाच्या देवावर पाणी गळलं तर पुसता येतं. मातीच्या देवीवर गळलं तर देवीच वाहून जाते. मागे एका पावसाळ्यात माकडांनी गाभाऱ्यावरची कौलं फोडली, तेव्हा नारू गुरव उघड्या पाठीने वारुळावर ओणवा झाला आणि माणसं वर ताडपत्री टाकेपर्यंत तसाच राहिला. तरी वारुळाची एक कड विरघळलीच. तेव्हा गावाने ठरवलं की आता कौलांखाली कागद घालायचा, आणि काम मला मिळालं.

मला म्हणजे वासू मेस्त्रींच्या मुलीला. बाबांचे गुडघे गेले आणि शिडी माझ्याकडे आली. घरांची छपरं मी केली होती, देऊळ पहिलंच. बायकांनी देवळाच्या माथ्यावर चढावं का, यावर गावात बरीच कुजबुज झाली. नारूदादांनी ती एका वाक्यात मिटवली. "सातेरी काय पुरुष आसा?" ते म्हणाले, आणि कोणाला पुढे बोलायला सुचलं नाही.

बाबांनी मात्र मला बजावून ठेवलं होतं. "घराचा छप्पर गळला तर घरवाले बोलतले. देवीचा गळला तर अख्खी पंचक्रोशी बोलतली. मगे आमच्या नावान कोण शिडी लावूचो नाय, सुगंधा." बाबा उगाच धाक घालणारे नव्हते. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यातून हलत नव्हतं.

कागद मी घातला दिवाळी झाल्यावर. त्याच आठवड्यात कौलं चढायची होती. पण पहिलं कौल कोणी ठेवायचं? गावात दोन मानकरी, बाबल परब आणि सोनू गावडे. दोघांच्याही घराण्याला पहिला मान, आणि दोघांनाही तो देवीनेच दिलेला. बैठक बसली, उठली, पुन्हा बसली. थंडी सरली. देवळात ऊन-दंव काही येत नव्हतं, त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. कागद म्हणजे छप्पर नव्हे हे मी सांगून सांगून थकले. निदान वर नारळाच्या झावळ्या तरी पसरते म्हटलं, तर परबकाका म्हणाले, "झावळ घातली म्हणजे छप्पर घातल्यासारख्याच झाला. मगे पयली झावळ कोणाची?" ताडपत्री बांधते म्हटलं, तर तिच्या पहिल्या दोरीला हात कोणाचा यावर दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. मी हात जोडले आणि घरी आले. त्यानंतर शिमगा झाला, चैत्र गेला, आणि ऊन त्या कागदावर रोज तापत राहिलं.

वैशाखात कसंबसं जुळलं. एक कौल, दोघांनी मिळून धरायचं, चार हातांनी ठेवायचं. त्यासाठी नेमलेला दिवस तो हा.

"मेस्तरनी," लवू म्हणाला, "एक सांगू? गप रवया. वर कौलां चढली काय कोणाक दिसाचा नाय."

"देवी खालीच बसली आसा. तिका सगळ्यांच्या आदी दिसतला."

लवूने मान खाली घातली. मी उठून सगळं छप्पर तपासत गेले. गाभाऱ्यावरचा कागद चारही उतारांवर गेलेला होता. पुढच्या सभामंडपावर मात्र देवळाला लागून असलेल्या वडाची दाट सावली असते. तिथे कागद जसा अंथरला तसाच राहिला होता. दुमडला तर दुमडत होता, सोडला की सरळ होत होता. माझ्या मनात आलं, नशीब बघा, हवा तिथे मेला आणि नको तिथे जगला. त्या वेळी त्याहून जास्त काही सुचलं नाही.

मी शिडी उतरले आणि आधी नारूदादांना गाठलं. ते विहिरीवर देवीची भांडी घासत होते. मी अंगठा दाखवला, तडकलेला तुकडा हातात दिला. त्यांनी तो बोटांत चुरला.

"किती टिकतलो?"

"येतलो पावस कदाचित काढीत. पुढचो नाय."

"आणि आज थांबवलंस तर?"

नवा कागद मागवायचा तर तो येईपर्यंत पाऊस दारात. आणि आज बिनसलं तर परब आणि गावडे पुन्हा एका बाकावर बसण्याची आशा नाही. म्हणजे सबंध पावसाळा देवीवर कौल नाही, नुसता हा मेलेला कागद आणि त्यावर माकडांची नखं.

"बोललंस तरी देवी भिजतली, नाय बोललंस तरी भिजतली," नारूदादा म्हणाले. घासलेलं भांडं त्यांनी पुन्हा घासायला घेतलं. "माजी पाठ आता पयल्यासारखी रवली नाय, बाय."

मला रडू येईल असं वाटलं. पण अंगण माणसांनी भरत होतं आणि रडणारी मेस्तरीण कोणालाच नको होती. मी तोंडावर पाणी मारलं.

दोघे मानकरी एकाच वेळी आले, कारण आधी येणाराला वाट बघावी लागली असती. परबकाका उंच, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर जरीचं उपरणं. सोनूआबा बुटके, गोल चेहऱ्याचे, डोक्याला भगवा फेटा. सभामंडपात समोरासमोर दोन खांब आहेत. उजव्या खांबाशी परब बसतात, डाव्याशी गावडे, पिढ्यानपिढ्या. दोघे आपापल्या खांबाला टेकून बसले. मी मध्ये उभी राहिले आणि सांगून टाकलं.

"कागद उन्हान गेलो. गाभाऱ्यावरचो. ह्याच्यावर कौलां चढवली तर पुढच्या वर्सा देवीवर गळतला."

बाहेर ढोलवाल्याने उगाच एक थाप मारून बघितली.

"मालच वायट आणलंस," परबकाका म्हणाले.

"माल बरो होतो, काका. कौलांखाली ऱ्हवाचो माल उन्हात ऱ्हवलो."

"उन्हात कोणी ठेवलो?"

"ह्या तुमी सांगा," मी म्हणाले. जीभ आवरायला हवी होती, पण सहा महिन्यांचा राग तोंडाशी आला होता.

सोनूआबा पुढे सरकले. "बरोबर इचारता ती. बैठक कोणी लांबवली, बाबल? शिमग्याच्या बैठकेतून उठान कोण गेलो?"

"उठान गेलंय, कारण तुज्या पुतण्यान माज्या आदी सुपारी उचलल्यान."

"सुपारी उचलली म्हणान देवीचा छप्पर उन्हात घातलंस?"

परबकाका उभे राहिले. त्यांच्या मागची माणसं उभी राहिली, मग गावड्यांची. चुलीवरच्या बायका पदर खोचून दारात आल्या. चार हातांच्या कौलाचं काय होणार ते मला स्पष्ट दिसू लागलं, आणि दोष कोणावर येणार तेही. ज्या दिवशी सगळं जुळलं त्याच दिवशी मेस्तरणीने मोडलं, हे वाक्य उद्या बाजारात माझ्या आधी पोचलं असतं.

"देवीक इचारूया," नारूदादांचा आवाज आला.

ते दारातच उभे होते, हातात घासलेलं भांडं घेऊन. देवीचं नाव निघाल्यावर दोन्ही बाजू खाली बसल्या. आमच्याकडे गावात अडलं की देवीला प्रसाद लावतात. वारुळाशेजारी एक पाषाण आहे. त्याच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे थांबतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा पाकळी पडली की त्यावर कोणी तोंड उघडत नाही.

नारूदादांनी आंघोळ केली, ओलेत्याने आत गेले, पाकळ्या लावल्या. मी उंबऱ्याबाहेर उभी होते. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "आई सातेरी, लेकरां तुज्या दारात जमली आसत. तुज्या माथ्यार आज कौलां चढवची काय नको, ता तूच सांग. हो म्हणतंस तर उजवो दी, नको म्हणतंस तर डावो दी."

मी मनात म्हणत होते, डावी. डावी पाड, आई. मग मला काही करावं लागणार नाही. तू नको म्हटलंस की मी मोकळी.

पाकळ्या हलेनात. गाभाऱ्यात समईची वात चुरचुरली. परबकाका मिशीवरून हात फिरवत होते. सोनूआबांचे ओठ हलत होते. माझ्या शेजारी लवू श्वास धरून उभा होता, एवढा की मला त्याचीच भीती वाटली.

उजवी पाकळी सुटली आणि टपकन खाली आली.

अंगणातून एकदम हुंकार आला आणि ढोल वाजायला लागले. सोनूआबांनी हात जोडले. परबकाका माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "झाला? चल, कौलां चढव."

मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, देवीचाच आला. तिच्याच डोक्यावर पाणी पडणार होतं आणि तीच हो म्हणत होती. मी सभामंडपाच्या पायरीवर बसले. सगळं संपलंय हे कळल्यावर माणूस उगाच इकडेतिकडे बघतो, तसं मी वर बघितलं.

गाभाऱ्यावर वाशांच्या मधून उजेड झिरपत होता. जागोजागी टाचणीने भोसकल्यासारखी बारीक भोकं दिसत होती. मग माझी नजर मंडपाकडे आली. तिथे वर काळोख, गच्च. परबांच्या खांबावर काळोख, गावड्यांच्या खांबावर काळोख. सकाळी छपरावर फिरताना मला जे सुचलं नव्हतं ते आता खालून दिसलं.

मी उठले. "नारूदादा, देवीन काय सांगल्यान?"

"आज कौलां चढवक सांगल्यान."

"कागदाचा तिका इचारलास?"

ते गोंधळले. "कागदाचा? नाय. कागदाचा कोणी इचारूकच नाय."

"मगे कौलां आजच चढतली. गाभाऱ्यावरचो मेलेलो कागद मी काढतंय. मंडपावरचो जिवंत आसा, तो उतरवन देवीवर घालतंय. तुमच्या मुहूर्ताच्या आत."

"आणि मंडपावर काय?" परबकाकांनी विचारलं.

"मंडपावर नुसती कौलां. जशी आदी होती तशी."

त्यांनी वर बघितलं. सोनूआबांनीही आपल्या खांबाच्या वर बघितलं. हळूहळू मंडपातले सगळेच वर बघायला लागले. माकडं कुठल्या छपरावर जास्त नाचतात हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. वडावरून पहिली उडी मंडपावरच पडते. कागद गेला की पावसात मंडप गळणार, आणि मंडपात जागा सोडून बसायची मुभा सगळ्यांना होती, फक्त त्या दोघांना नव्हती. मानाची जागा सोडली की मान सुटतो.

मी तरी काय बोलणार? तुम्ही भिजा म्हणजे देवी कोरडी राहील, हे माझ्यासारखीने दोन मानकऱ्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? मी फक्त उभी राहिले. परबकाकांचा चेहरा दगडासारखा झाला होता. ते नाही म्हणतील असं मला वाटत होतं, आणि ते नाही म्हणाले असते तर गावाने त्यांचंच ऐकलं असतं.

नारूदादा पुढे आले. काही न बोलता त्यांनी उपरणं काढलं आणि पाठ दोघांकडे वळवली. मागच्या त्या पावसातल्या ओणवेपणाने पाठीचा कणा कायमचा बाकलेला होता. तो त्यांनी कधी कोणाला दाखवला नव्हता.

सोनूआबा उठून उभे राहिले. "मेस्तरनी, माज्या डोक्यावरचो काढ."

"त्याच्या आदी माज्या डोक्यावरचो," परबकाका तिथल्या तिथे म्हणाले.

"मी पयलो बोललंय."

"उजवो खांब पयलो."

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा सहा महिने उभे राहिले. "सुरी मी मदोमद घालतलंय," मी ओरडले, "आणि दोनय बाजूंनी एकदम फाडतलंय. लवू, चल."

त्यानंतरचं काम मी पुन्हा कधी तसं केलं नाही. रिपा उपटल्या, खिळे उपसले. मंडपावरचा कागद सुरीने उभा कापून गुंडाळला, दोन्ही बाजूंची तरणी माणसं शिडीवर उभी करून हातोहात गाभाऱ्यावर चढवला. ऊन चढत होतं. गाभाऱ्यावरचा मेलेला कागद हाताने ओढला तर तुकड्यातुकड्यांनी येत होता, आणि एक मोठा तुकडा निघाला तसं ऊन सरळ खाली वारुळावर पडलं. खाली नारूदादा होते. त्यांनी पटकन वर बघितलं आणि मग देवीकडे. लाल मातीचे ते कंगोरे मी कधी उजेडात बघितले नव्हते. वर काम थांबलं. दोन्हीकडची माणसं वाकून बघत होती. मग नारूदादांनी देवीवर नवी साडी पांघरली आणि मी पुन्हा हातोडा उचलला.

मंडपावरून उतरवलेल्या कागदाला रिपांच्या खिळ्यांची भोकं होती. म्हणून मी तो दुहेरी घातला, खालच्या थराचं भोक वरच्या थराच्या भोकासमोर येणार नाही असा सरकवून. खालून वर, प्रत्येक वरचा पट्टा खालच्यावर चढवून. लवू रिपा ठोकत होता आणि मी त्याच्या पुढे पुढे सरकत होते. गुडघे सोलले होते. डोक्यात एकच विचार होता. मी सांगते म्हणून हे चाललंय, पण मला तरी खात्री आहे का?

शेवटची रीप ठोकून झाली आणि मी खाली बघून म्हणाले, "कौलां चढवच्या आदी पाणी ओतून बघतलंय."

"देवीवर?" सोनूआबांचा आवाज चढला.

"कागदावर. गळला तर आता कळांदे. कौलां चढल्यावर कळान काय उपेग?"

खाली गलका झाला. कोणी म्हणत होतं परात धरा, कोणी म्हणत होतं आता नकोच. गलक्यातून नारूदादा गाभाऱ्यात गेले. मंडपाच्या उघड्या पडलेल्या वाशांमधून मला ते गाभाऱ्याच्या दारातून दिसले. त्यांनी देवीवरची साडी नीट केली, दोन पाय रोवले आणि वारुळावर ओणवे झाले. बाकलेली, उघडी पाठ वर माझ्याकडे.

"ओत," ते म्हणाले.

घागर परबकाकांनी वर दिली. दुसरी सोनूआबांनी. पहिली घागर मी आणि लवूने मिळून तिरकी केली. पाणी कागदावर पसरलं, रिपांना अडलं, खाली घसरलं, पागोळीतून अंगणात पडलं. दुसरी घागर मी एकटीने ओतली, अगदी माथ्यावर, जिथे चार उतार मिळतात तिथे. मग आम्ही थांबलो.

त्या उघड्या वाशांमधून मला फक्त ती पाठ दिसत होती, त्यावरचा घाम सोडून दुसरं काही येतंय का ते बघत मी वाशाला गच्च धरून बसले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. नारूदादा सरळ झाले. त्यांनी मागे हात नेऊन आपली पाठ चाचपली. मग वर बघून हसले. त्यांना पुढचे दात नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वर बसून रडले. आता कोणी बघितलं तरी मला पर्वा नव्हती.

मुहूर्ताच्या आत पहिलं कौल चढलं. एका शिडीवर परब, दुसरीवर गावडे, मधल्या कौलाला चार हात. ते रिपेवर टेकताना दोघांचीही बोटं खाली अडकली, पण दोघांपैकी एकानेही हात काढला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळं छप्पर शाकारलं. बाबांना घरी जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुहेरी घातलंस ता बरा केलंस."

त्याला आता बरीच वर्षं झाली. गाभाऱ्यात आजवर एक थेंब पडलेला नाही. माझ्या नावाने पंचक्रोशीत शिड्या लागल्या. लवू म्हातारा झाला, तरी तो दिवस रंगवून सांगतो आणि दर वेळी एक घागर वाढवतो.

मंडपाचं मात्र व्हायचं तेच झालं. माकडांनी परबांच्या खांबावरची कौलं फोडली आणि एका श्रावणात मी दर्शनाला गेले, तेव्हा परबकाकांच्या डाव्या खांद्यावर टपटप गळत होतं. उपरणं चिंब झालं होतं. कोणीतरी शेजारी पातेलं ठेवलं होतं, ते त्यांनी पायाने दूर सारलं होतं. ते ताठ बसले होते. बाया पाया पडून जाताना आधी देवीच्या आणि मग त्यांच्या पाया पडत होत्या.

मला वाईट वाटलं. जवळ जाऊन मी हळूच म्हटलं, "काका, नवो कागद इलो हा माज्याकडे. उद्याच घालून देतंय. तुमच्यापुरतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात काहीतरी अभद्र बोलले होते. "कागद घालशीत तर बघ," ते म्हणाले. "माज्या डोक्यावरचो काढून देवीवर घातल्यानी, ह्या लोकांका ह्या थेंबावरून कळता."

मी हसू दाबत बाहेर आले. समोरच्या खांबाशी सोनूआबा बसले होते. त्यांच्यावरची कौलं माकडांनी अजून फोडली नव्हती. ते कोरडे होते आणि त्यांचं तोंड कडू झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ते आमच्या अंगणात आले. एकटे, छत्री घेऊन. चहा नको म्हणाले. बाबांच्या प्रकृतीची चौकशी केली, माझ्या मुलीची शाळा विचारली, पावसाबद्दल बोलले. मग बाहेर कोणी नाही ना ते बघून माझ्याजवळ सरकले.

"बाय, तुज्याकडे एक काम होता. कोणाक सांगा नको."

"काय, आबा?"

"माज्या खांबावरचा एक कौल जरा सरकवशीत?" ते जमिनीकडे बघत म्हणाले. "सगळा नको. एकच. खांद्यावर पडात इतक्यापुरता."

न गळणारं छप्पर हेच माझं नाव होतं. बाबांनी मला तेवढंच शिकवलं होतं आणि त्याच भीतीपायी मी त्या दिवशी गावासमोर उभी राहिले होते. मी सोनूआबांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाऊस थोडा उघडल्यावर मी शिडी घेतली, देवळावर चढले, आणि एक कौल बोटभर सरकवून आले.